माहीत असलेली आज्ञा आधी पाळूया: स्वार्थ सोडून देवाच्या इच्छेने जगण्याच्या पायऱ्या

प्रार्थनासभेत एक विनंती हमखास येते: “देवाची इच्छा काय आहे ते कळावं म्हणून प्रार्थना करा.” मुलाला कामासाठी गोव्याला धाडू का, वडगावातलं घर विकून हिंदवाडीत फ्लॅट घेऊ का, उद्यमबागमधली नोकरी सोडून स्वतःचं लेथ टाकू का. प्रार्थना करावीच. पण पुष्कळदा त्याच घरात सख्ख्या भावाशी बोलणं बंद असतं, शेतात राबलेल्या बायकांची मजुरी दोन बाजार थकलेली असते, म्हातारी आई पाळीपाळीने या मुलाकडून त्या मुलाकडे हिंडत असते. या बाबतीत देवाला काय हवंय हे विचारावंच लागत नाही. सगळ्यांना ते ठाऊक असतं.

माझं ठाम मत आहे की आपल्यातले बहुतेक जण कळलेल्या आज्ञेपाशीच अडलेले आहेत. ती एक आज्ञा पाळायला घेतली की न कळलेल्या गोष्टींवरही उजेड पडू लागतो. योहान ७:१७ मध्ये प्रभू येशू हाच क्रम सांगतो: देवाची इच्छा पाळायची ज्याची तयारी आहे, त्याला शिकवण कोणाकडून आहे ते समजेल. तयारी आधी, समज नंतर.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या आपल्या मराठी मंडळ्यांसाठी आहे, मग तुम्ही रविवारी उपासनेला जात असा की मिस्साला. एका वेळी एक पायरी घ्या. एकेका पायरीला आठवडा लागला तरी चालेल.

सुरुवातीला दोन गैरसमज दूर करू

पहिला गैरसमज असा की आज्ञा पाळल्या म्हणजे देव आपल्याला स्वीकारतो. इफिसकरांस २:८-१० वाचा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आणि ते देवाचं दान आहे. पण दहावं वचन वाचल्याशिवाय थांबू नका, कारण आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत असं तिथे स्पष्ट लिहिलंय. लेकरू घरचं आहे म्हणून घरची रीत पाळतं. रीत पाळली म्हणून कुणी त्याला घरात घेतलेलं नसतं.

दुसरा गैरसमज स्वार्थाबद्दलचा. वेळेवर जेवणं, दुखलं की डॉक्टरकडे जाणं, मुलीच्या शिक्षणासाठी भिशी लावणं, थकल्यावर झोपणं यात स्वार्थ नाही. स्वार्थ कसा दिसतो ते लूक १२:१६-२१ मध्ये बघा. एका शेतकऱ्याला भरघोस पीक आलं. त्याचं मनातल्या मनात चाललेलं बोलणं नीट ऐका: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, माझा जीव. त्या सगळ्या बोलण्यात देव नाही, शेजारी नाही, ज्यांनी शेतात घाम गाळला ते गडीही नाहीत. पीक चांगलं आलं म्हणून देवाने त्याला मूर्ख म्हटलेलं नाही. त्याच्या हिशेबात दुसरं माणूसच नव्हतं, हे त्याचं मूर्खपण. अथणी-चिकोडीकडच्या ऊस पिकवणाऱ्या घरात कारखान्याचं बिल खात्यावर जमा होतं त्या संध्याकाळी हा दाखला मोठ्याने वाचून बघावा.

पहिली पायरी: अडलेली एकच गोष्ट शोधा

एक साधी वही घ्या. एका पानावर चार शब्द लिहा: पैसा, माणसं, वेळ, नाव. प्रत्येकाखाली, देवाला काय हवंय ते माहीत असूनही आपण टाळत आलोय अशी गोष्ट लिहा. पैशाखाली थकलेली मजुरी येईल, दुकानातलं माप येईल, पतसंस्थेच्या कर्जात जामीन राहिलेल्या मित्राला दिलेला त्रास येईल. माणसांखाली न बोलणारा भाऊ, घरी एकटी पडलेली सासू. वेळेखाली रात्री बारापर्यंत चालणारा मोबाइल. नावाखाली मात्र लिहायला कुणाचाच हात पटकन चालत नाही. आपण मंडळीच्या कमिटीत कशासाठी आहोत, स्टेजवर गायला न मिळाल्यावर आपल्याला राग का येतो, अर्पणाची यादी वाचताना आपलं नाव यावं असं का वाटतं, हे तिथे लिहायचं.

मग स्तोत्र १३९:२३-२४ वाचून थोडा वेळ गप्प बसा. पारख अशी: प्रार्थनेत ज्या विषयावरून आपण घाईने पुढे सरकतो, बहुधा तोच आपला विषय असतो. त्याच्याभोवती गोल काढा. बाकीच्या गोष्टी तशाच राहू द्या. सगळं एकदम सुधारायला निघालेला माणूस नाताळनंतर उत्साहाने सुरुवात करतो आणि संक्रांतीपर्यंत सोडून देतो.

दुसरी पायरी: त्या गोष्टीवर शास्त्र काय म्हणतं ते स्वतः वाचा

पाळक काय म्हणाले, व्हॉट्सअॅपवर काय आलं, ते बाजूला ठेवून मूळ अध्याय उघडा. मजुरीचा प्रश्न असेल तर लेवीय १९:१३ आणि याकोब ५:४. लेवीयात मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत अडकवून ठेवू नको अशी आज्ञा आहे. ‘पुढच्या बाजारी बघू’ म्हणणाऱ्याला ती नेमकी लागू पडते. भांडण असेल तर मत्तय ५:२३-२४ आणि १८:१५. आईबापांना सांभाळायचं असेल तर मार्क ७:९-१३. तिथे देवाच्या नावावर पैसा वाहून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांना येशूने फार कडक शब्द वापरलेत. तराजूचं असेल तर नीतिसूत्रे ११:१. दानधर्माचा दिखावा असेल तर मत्तय ६:१-४.

सोबत १ शमुवेल १५ पूर्ण वाचा. इस्राएलाचे शत्रू असलेल्या अमालेक्यांचं काहीही राखू नको अशी शौल राजाला आज्ञा होती. त्याने टाकाऊ ते मारलं आणि चांगली मेंढरं, गुरं राखली. संदेष्टा शमुवेल आला तेव्हा शौल आनंदाने म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे. त्याच वेळी मागून मेंढरं बें-बें करत होती. विचारल्यावर उत्तर तयार होतं: ही देवाला यज्ञ करायला राखली आहेत. पुढचं बाविसावं वचन आपल्याला पाठ असतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. पण त्या वचनाआधीची ती सबब आपण विसरतो. अर्धी आज्ञा पाळायची आणि उरलेल्या अर्ध्याला भक्तीचं नाव द्यायचं, ही चाल आजही चालते. निपाणीत विड्या मोजून घेणारा एखादा माणूस बायकांच्या चांगल्या विड्याही छाट म्हणून बाजूला काढत असेल आणि कापणीच्या सणाला मोठं अर्पण आणत असेल, तर त्याच्या अर्पणाच्या मागूनही तोच आवाज येतो.

तिसरी पायरी: किंमत मोजा, आकड्यात मोजा

लूक १४:२८-३० मध्ये बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. आज्ञापालनाची किंमत बहुतेक वेळा रुपयांत, गुंठ्यांत किंवा मानापमानात असते. ती कागदावर मांडली नाही तर मन दोन टोकांना पळतं. कधी वाटतं सगळं लुटून जाईल, कधी वाटतं काहीच द्यावं लागणार नाही.

इथे मी एकच उदाहरण खोलात घेतो, कारण आपल्या भागातल्या ख्रिस्ती घरांत हे दुखणं जुनं आहे आणि मंडळीत त्यावर क्वचितच बोललं जातं: बहिणीचा वाटा.

समजा खानापूर तालुक्यात वडिलांच्या स्वतःच्या नावावर तीन एकर जमीन आहे. मृत्युपत्र न करता ते वारले. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली. ख्रिस्ती कुटुंबांना वारशासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना सारखं, त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही. म्हणजे आईला एक एकर आणि चौघा भावंडांना वीस-वीस गुंठे. प्रत्यक्षात काय होतं? भाऊ कागद तयार करून आणतो, घरात जेवण होतं, आणि जाता जाता आक्काला म्हणतो, “एवढी सही कर, उताऱ्यावरची नावं नीट करायची आहेत.” आक्का सही करते. तिने ती प्रेमाने केली असं आपण मानतो. खरं तर सही नाही केली तर माहेर तुटेल, या भीतीने केलेल्या सह्या फार असतात. दिवाळीला, नाताळला, बाळंतपणाला, नवऱ्याचं बिनसलं तर, जायला एकच दार असतं, आणि त्या दाराची किंमत वीस गुंठे ठरते.

“लग्नात दिलं की सगळं” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. दिलं असेल. पण तिच्या लग्नाचा खर्च गावात आपलं नाव राहावं म्हणून किती आणि तिच्यासाठी किती, याचाही हिशेब त्याच वहीत मांडावा. शास्त्रातला आधार हवा असेल तर ईयोब ४२:१५ बघा. देवाने ईयोबाला पुन्हा उभं केलं तेव्हा त्याने मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. बापाचं वतन मागणाऱ्या सलाफहादाच्या मुलींची गोष्ट, गणना २७, थोडी वेगळी आहे, कारण त्यांना भाऊ नव्हता. पण त्यांचं म्हणणं रास्त आहे असं देव स्वतः मोशेला सांगतो, हे विसरण्यासारखं नाही.

ज्या भावाला हे दुरुस्त करायचंय, त्याने असं करावं.

आधी ताजा उतारा काढावा आणि कुणाच्या नावावर काय आहे ते डोळ्यांनी बघावं. ऐकीव माहितीवर जाऊ नये. मग बायकोला सगळं सांगावं. वैनीला अंधारात ठेवून नणंदेला वाटा देणारा भाऊ घरात नवं भांडण पेरतो, आणि त्याचा बोल शेवटी नणंदेलाच लागतो. दोघांनी मिळून प्रार्थना करावी, दोघांनी मिळून आकडा बघावा.

त्यानंतर बहिणीला बोलावून घेऊ नये, स्वतः तिच्या घरी जावं. बोलायचं ते थोडक्यात: “आक्का, बाबांच्या जमिनीत तुझा वाटा आहे. इतकी वर्षं तो मीच खातोय. तुझा तुला द्यायचाय. सही केलीस न केलीस, माहेर तुझंच राहणार.” यातलं शेवटचं वाक्य गाळू नका, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. ‘तू मागत असशील तर देतो’ असं चुकूनही म्हणू नका. त्याने मागण्याचं ओझं तिच्यावर पडतं आणि आपली बहीण ते उचलणार नाही हे आपल्याला आधीच ठाऊक असतं.

त्याच दिवशी उत्तर मागू नका. तिला महिना-दोन महिने द्या. तिने तिच्या माहितीतल्या वकिलाला विचारू द्या, तुमच्या वकिलाला नको. सगळं समजून, मोकळ्या मनाने तिने वाटा भावाला दिला, तर तो तिचा दानधर्म आहे आणि त्याचा दस्त उपनोंदणी कार्यालयात रीतसर करा. तिने घेतला तर आनंदाने मोजणी करून द्या. जमिनीवर घर बांधून झालं असेल किंवा ती विकून टाकली असेल, तर आजच्या भावाने रक्कम ठरवून हप्ते लावा आणि ते कागदावर लिहा. लूक १९ मधला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करायला उभा राहिला. आपल्याला निदान बरोबरीने परत करता येईल.

तुमची अडलेली गोष्ट जमिनीची नसेल, तरी रीत हीच: खरी माहिती काढा, घरच्यांना बरोबर घ्या, ज्याचं नुकसान झालंय त्याच्या दारात स्वतः जा, आणि उत्तर त्याच्यावर सोडा.

चौथी पायरी: पहिलं पाऊल चोवीस तासांत टाका

ते लहान असलं तरी चालेल. फोन लावा, उताऱ्याचा अर्ज द्या, थकलेल्या मजुरीतले पहिले हजार रुपये आज संध्याकाळी हातात द्या. मन तयार होण्याची वाट बघू नका. मत्तय २१:२८-३१ मधला पहिला मुलगा ‘जात नाही’ म्हणाला, पण नंतर द्राक्षमळ्यात गेला, आणि बापाची इच्छा पाळणारा तोच ठरला. नको वाटत असतानाही केलेलं आज्ञापालन देवाला चालतं.

एकाच परिस्थितीत थांबायचं: मन फार खचलेलं असताना, रागात असताना मोठा निर्णय बदलू नये. कॅथलिकांच्या जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला यांनी हा नियम सोळाव्या शतकात घालून दिला आणि तो अनुभवाला उतरतो. त्यांची आणखी एक सूचना गोंधळलेल्या माणसाला फार कामाची आहे. आपल्यासारखीच अडचण असलेला कुणी अनोळखी माणूस सल्ला मागायला आला, तर त्याला आपण काय सांगू, ते लिहून काढा, आणि मग तेच आपण करा.

पाचवी पायरी: रोज दोनदा हिशेब

बेळगावात जेझुइट फादरांची सेंट पॉल्स शाळा १८५६ पासून आहे आणि आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिथे शिकली. त्यांच्या परंपरेतलं आत्मपरीक्षण प्रॉटेस्टंट माणसानेही शिकावं असं आहे. रोजच्या परीक्षणाचे पाच टप्पे असतात: दिवसाबद्दल देवाचे आभार, पवित्र आत्म्याकडे उजेडाची मागणी, दिवसाची उजळणी, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी निश्चय. रात्री दिवा मालवण्याआधी पंधरा मिनिटांत होतं.

याशिवाय एकाच दोषासाठी एक वेगळी रीत आहे. वहीत रोजच्या दोन रेघा ओढायच्या. पहिली दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी रात्रीपर्यंतची. ज्या स्वार्थाशी झुंज आहे त्यात जितक्या वेळा पडलो तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी ताडून बघायची, आज कालशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी. यंत्रमागावर काम करणाऱ्या, गिऱ्हाइकांच्या गर्दीत असणाऱ्या माणसालाही हे जमतं, कारण लिहायचं काही नसतं, फक्त ठिपका. बायकोवर आवाज चढवणं, गडीमाणसांशी तुसडेपणा, दुसऱ्याचं बोलणं तोडून आपलं पुढे रेटणं, अशा रोजच्या दोषांवर ही रीत लागू पडते. ठिपके वाढले म्हणून घाबरू नका. सुरुवातीला ते वाढतातच, कारण आधी न दिसणारं आता दिसू लागलेलं असतं.

सहावी पायरी: दोघातिघांची साथ

१८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केलं आणि पुढे ते मेथडिस्टांकडे आलं, त्यामुळे आपल्या भागात मेथडिस्ट घरं पुष्कळ. पण मेथडिस्ट चळवळ ज्या गोष्टीवर उभी राहिली ती क्लास मीटिंग आता फार कमी ठिकाणी दिसते. तिची सुरुवात १७४२ मध्ये ब्रिस्टलमध्ये झाली, तीही प्रार्थनाघराचं कर्ज फेडण्यासाठी. बारा-बारा जणांचे गट, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची, गटप्रमुखाने घरोघर जाऊन ती गोळा करायची. असं घरोघर जाताना लोक खरे कसे जगतायत ते कळू लागलं, आणि या चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या लक्षात आलं की आत्म्यांची काळजी घ्यायची रीत यातच आहे.

आपल्याला बारा नकोत, तिघे पुरे. पुरुषांनी पुरुषांबरोबर, बायकांनी बायकांबरोबर. आठवड्यातून एकदा, तासभर. प्रश्न मोजकेच ठेवा: ठरवलेल्या गोष्टीत या आठवड्यात काय केलं? कुठे अडलं? आमच्यापासून काही लपवतोयस का? मग एकमेकांसाठी प्रार्थना आणि चहा. तिथलं बोलणं तिथेच राहिलं पाहिजे. ‘अमुक भावासाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरी असं असं चाललंय’ हा मजकूर मंडळीच्या ग्रुपवर गेला की तो गट संपला, आणि त्या माणसाचा विश्वासही. कॅथलिक घरांत पापनिवेदनाचा संस्कार आहे. तो सालातून एकदा उरकण्यापेक्षा एकाच फादरांकडे नियमाने जाणं अधिक उपयोगाचं.

आज्ञापालन म्हणून जे खपवलं जातं

हे मी मुद्दाम थोडं सविस्तर लिहितो, कारण चुकीच्या जागी सांगितलेल्या आज्ञापालनाने लोकांचे जीव जातात.

नवरा मारतो आणि मंडळीतले वडीलजन बाईला ‘वधस्तंभ उचल’ म्हणून परत पाठवतात, हे पाप आहे. लूक ९:२३ मधला वधस्तंभ ख्रिस्तामागे जाणाऱ्याने स्वतः उचललेला आहे, दुसऱ्याने तिच्या पाठीवर लादलेला नाही. स्वतःचा त्याग ही आज्ञा त्या घरात आधी मारणाऱ्याला लागू होते. मार खाणाऱ्या बाईने सुरक्षित जागी जावं, १८१ या महिला हेल्पलाइनला किंवा ११२ ला फोन करावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं संरक्षण ख्रिस्ती बाईलाही आहे. मंडळीने तिला घर आणि जेवण पुरवावं, हे मंडळीचं आज्ञापालन.

तसंच कुणी सेवक ‘देवाने मला दाखवलंय, तू एवढे पैसे दे’ म्हणत असेल, तर हिशेब मागणं म्हणजे बंड नव्हे. २ करिंथकरांस ८:२०-२१ मध्ये पौल स्वतः वर्गणीच्या पैशाबद्दल देवासमोर आणि माणसांसमोरही चोख राहायची काळजी घेतो. साहेबाने खोटं बिल करायला सांगितलं तर प्रेषितांची कृत्ये ५:२९ आहेच, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. नोकरी जाण्याची भीती खरी असते. म्हणून नकार देण्याआधी तिघांच्या गटात बोला, दोन-तीन महिन्यांच्या खर्चाचा विचार करा, नकार नम्र शब्दांत आणि शक्य तर लेखी द्या. आणि असा नकार देणाऱ्याच्या घरी मंडळीतून तांदूळ, तेल, शाळेची फी पोचली पाहिजे.

सीमाभागातली परीक्षा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेचा प्रश्न आपल्या घराघरात आहे. आपल्या भाषेवर प्रेम असणं चांगलं. पण एकाच इमारतीत मराठी आणि कन्नड उपासना होत असतील, तर सकाळची सोयीची वेळ कुणाची, स्पीकर कुणाचा, नाताळच्या मंडपाचा खर्च कुणी करायचा, यात ‘आमचं’ फार लवकर डोकं वर काढतं. एकट्याचा स्वार्थ आपल्याला दिसतो. समाजाचा स्वार्थ मात्र निष्ठा म्हणून मिरवतो.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये अगदी हाच पेच आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली. मंडळीने सात जण निवडले. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्या बाजूची तक्रार होती, बहुधा त्याच बाजूच्या लोकांच्या हातात वाटपाचं काम दिलं गेलं. आपल्याकडे हे करून बघण्यासारखं आहे: दर सहा महिन्यांनी वेळांची अदलाबदल करा, मदतनिधीच्या हिशेबाला दुसऱ्या भाषेतला माणूस बसवा, प्रभूची प्रार्थना दोन्ही भाषांत शिका. गल्लीतल्या कन्नड आजींना दवाखान्यात नेताना त्यांच्या भाषेतली चार वाक्यं आली तर आपलं काही कमी होत नाही. फिलिप्पैकरांस २:४ मधली आज्ञा, प्रत्येकाने दुसऱ्याचंही हित पाहावं, भाषेच्या सीमेवर थांबत नाही.

पडलात तर

पडाल. १ योहान १:९ वाचा, नाव घेऊन कबूल करा, ‘सर्व पापांची क्षमा कर’ एवढ्यावर उरकू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला त्याच दिवशी सांगा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवरून पुढे चला, पहिलीपासून नको. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं. योहान २१ मध्ये प्रभूने त्याला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा कामच सोपवलं: माझी मेंढरं सांभाळ.

पुढचे आठवडे

याकोबाच्या पत्राचे पाच अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचा. शनिवारी रात्री वहीतले ठिपके आणि तिसऱ्या पायरीतला आकडा यांचा ताळा घ्या. रविवारी उपासनेला निघण्याआधी, ज्याच्याशी बिनसलंय त्याला फोन करा. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर शनिवारीच करा, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन भेटायला वेळ राहील. पहिली गोष्ट खरोखर पुरी झाल्याशिवाय दुसरी घेऊ नका. जमिनीसारखं प्रकरण असेल तर त्याला वर्षही लागेल, तोवर हप्त्याची तारीख चुकवू नका. घरातली मुलं हे सगळं बघत असतात. त्यांनी विचारलं, “आत्याला पैसे का द्यायचे?” तर “तिचे आहेत म्हणून” एवढंच सांगा, आणि पुढच्या वेळी हप्ता द्यायला जाताना त्यांनाही बरोबर न्या.